खळ दिलेला तंबू

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला जमत नाही आणि अक्षरही वाईट. जाड कापडावर वीस हात शिवण सरळ जाते, पण वहीतली एक ओळ सरळ जात नाही. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. नाही घेतलं तरी चालेल, ही वही मी कोणाला दाखवणार नाही.

तर दुकानात एकाच वेळी दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि दोघांनाही तंबू पाहिजे होता. दोघांनाही दिवाळीच्या सुट्टीत रामटेकजवळच्या तलावावर मुक्कामाला जायचं होतं. एक साहेब होते, ते नव्या मोटारीनं जाणार होते. दुसरे शाळेतले गुरुजी, ते सायकलनं.

दुकान महाल भागात होतं. मंडपाची कापडं आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवायच्या. वाडीचे ट्रकवाले हे आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. तंबू वर्षातून एखादा. मी मागे पडद्याआड मशीनवर बसायची. मशीन माझी स्वतःची. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लुगडी विणली. काम बंद पडलं तेव्हा माग विकून मी ही जाड कापडाची मशीन घेतली आणि मालकाच्या दुकानात आणून ठेवली. मजुरी नगावर. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम मालकाचं. मला ते बरंच होतं. परक्या माणसासमोर माझा आवाज निघत नाही.

गुरुजींनी पिशवीतून हूकवाला काटा काढला, रद्दीवाल्याकडे असतो तसा.

"हे काय आणलं, गुरुजी?" मालकानं विचारलं.

"वजन करतो."

"तंबू काय वांगे आहेत का, किलोवर घ्याले?"

"माझ्या कॅरिअरवर ठेवाचा आहे. चढावर ओढणार कोण, तुम्ही?"

गुरुजींनी कापड तोललं, दोर तोलले, खुंट्या तोलल्या. लोखंडी खुंट्या बाजूला काढल्या आणि बांबूच्या घेतल्या. तंबूचा खांब लांब असतो, तो सायकलवर राहत नाही. म्हणून बांबूचे तीन तुकडे करायला लावले. तुकडे जोडायला पत्र्याची नळी, म्हणजे एकात एक घातले की खांब तयार. तंबूत उभं राहता आलं पाहिजे का, असं मालकानं विचारलं.

"उभं राहाले तलावाचा काठ आहे ना," गुरुजी म्हणाले. "आत दोन माणसं झोपली की झालं."

साहेबांची यादी वेगळी होती. दोन खिडक्या, खिडक्यांना पडदे, पुढे ओसरी, आंघोळीला आडोसा आणि आरसा टांगायला हूक. मालक म्हणाले, "साहेब, थोडा जड होईल."

"गाडी आहे ना," साहेब म्हणाले. "वजनाचा प्रश्नच नाही."

खरंच होतं. ज्याला ओढायचं नसतं त्याला वजन नसतं.

दोघांचंही कापड मी एकाच ताग्यातून कापलं. नवा सुती तंबू नेण्याआधी एकदा भिजवून वाळवायचा असतो. सुईनं कापडाला भोकं पडतात. पाणी लागलं की आतला सुती दोरा फुगतो आणि भोक बुजतं. नाही भिजवला तर पहिल्या पावसात शिवणीतून थेंब पडतात. हे मी मालकाला सांगत असे आणि मालक गिऱ्हाइकाला सांगत असत, आपल्यालाच शिवणकामातलं फार कळतं अशा थाटात.

तंबू झाल्यावर साहेब पाहायला आले. आम्ही मागच्या अंगणात उभा करून ठेवला होता. साहेबांनी कापड चिमटीत धरलं.

"असा लुळा का पडतोय? नव्यासारखा वाटतच नाही. मी दुसरीकडे बघतो."

मालकाचं तोंड उतरलं. एवढं कापड कापून झालेलं. तेव्हा मी तोंड उघडलं. साहेब गाडीकडे वळले होते, म्हणून जमलं.

"मालक, खळ देऊ का?"

खळ म्हणजे तांदळाची घट्ट पेज. ती कापडाला चोपडायची आणि उन्हात वाळवायची. लुगड्याला खळ दिली की घडी कडक बसते. बाजारात गिऱ्हाईक आधी हात लावून पाहतं, मग भाव विचारतं. आमच्या घरून खळ न देता एक लुगडं कधी बाजारात गेलं नाही. लुळं कापड विकायला नेणं म्हणजे न विंचरता लग्नाला जाणं.

मालक धावत गाडीजवळ गेले. "साहेब, दोन दिवस द्या. आमच्या दुकानाची एक खास प्रोसेस बाकी आहे."

मी दोन मोठी पातेली पेज शिजवली. तंबू असा कडक झाला की टिचकी मारली की वाजायचा. साहेबांनीही टिचकी मारली.

"व्वा! याला म्हणतात तंबू."

मालकानं प्रोसेसचे पैसे वेगळे लावले. भिजवला तर खळ जाईल, म्हणून भिजवायचं काही सांगितलं नाही.

त्याच दिवशी गुरुजी त्यांचा तंबू न्यायला आले. मालकानं त्यांनाही प्रोसेस दाखवली. गुरुजींनी खळ दिलेला एक पडदा काट्याला लावला, मग तेवढंच साधं कापड लावलं.

"काय आहे यात?"

"तांदळाची खळ," मालक म्हणाले.

"भात मी डब्यात नेतो. तंबूवर काहून नेऊ?"

आपला लुळा तंबू कॅरिअरवर बांधून गुरुजी गेले. मला त्यांची कीव आली, हे खरं लिहिते.

दिवाळी झाली. एका सकाळी साहेबांची गाडी दुकानासमोर थांबली. साहेबांनी तंबू ओट्यावर टाकला. मालकानं उलगडून पाहिला.

"साहेब, एक खिडकी कुठं गेली?"

"म्हशीनं खाल्ली."

"म्हशीनं?"

"पडद्यासकट. आणि अर्धी ओसरी."

पहिल्या रात्री दव पडलं. खळ ओली झाली, कापड चिकट झालं. मुंग्या लागल्या. साहेब, बाईसाहेब आणि मुलं उठून गाडीत जाऊन झोपली. पहाटे म्हशी तलावावर पाण्याला आल्या. त्यांना आधी वास आला, मग चव आली. खाटा, स्टोव्ह, आरसा, सगळं नेलं होतं, आणि झोपले गाडीत. बाईसाहेब आताही गाडीतून उतरल्या नाहीत. सवय झाली असावी.

"मला सगळे पैसे परत पाहिजेत," साहेब म्हणाले. "प्रोसेसचे पण."

"साहेब, माझी चूक नाही. ती आयडिया आमच्या बाईची होती."

तंबू खपला तेव्हा प्रोसेस दुकानाची होती. परत आला तेव्हा ती बाईची झाली.

मालकानं पैसे मोजून दिले. गाडी गेल्यावर पडद्याआड आले.

"अनसूयाबाई, हे सगळे पैसे तुमच्या नावावर. फिटेपर्यंत ही मशीन इथून हलवाची नाही."

मी मान हलवली. कापड मला कळत होतं, म्हैस कळत नव्हती. चूक माझी होतीच. पण घरात माग राहिला नव्हता आणि आता मशीनही अडकली. उद्या मालकानं ये म्हटलं नाही तर माझ्याकडे नुसते दोन हात उरले असते.

आठ दिवसांनी गुरुजी आले. ते तलावावर साहेबांच्या तंबूपासून वीस पावलांवर उतरले होते. त्यांनी मुद्दाम मला बाहेर बोलावलं.

"बाई, तुमचा तंबू एक नंबर. म्हशीनं साहेबांची खिडकी खाल्ली अन् मग माझ्याकडे आली. हुंगलं, तोंड वाकडं केलं अन् चालली गेली. मलेच वाईट वाटलं."

मालक हसले नाहीत. मी पदर तोंडावर धरला.

"आमच्या शाळेतल्या दोघांले असेच पाहिजेत," गुरुजी म्हणाले. "खळ नको म्हणजे झालं."

रात्रभर मी एक वाक्य घोकलं. सकाळी मालकासमोर ते निघेना. शेवटी पावतीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून दिलं: तंबूचे पैसे मी भरणार तर तंबू माझा. घरी नेते.

मालकानं चिठ्ठी उलटीसुलटी केली. "हे काय लिवलं, बाई?" मग अक्षर लागलं त्यांना. "न्या, न्या. म्हशीचं उष्टं कोण ठेवते दुकानात!"

घरी नेऊन तीन पाण्यांत धुतला. खळ पूर्ण गेली. म्हशीनं चावलेलं कापून टाकलं. उरलेल्या कापडात गुरुजींच्या मापाचे दोन तंबू बसले. ते मी दुपारच्या सुट्टीत शिवायला घेतले. मालकानं पाहिलं.

"माझ्या दुकानात बसून तुमचा धंदा करून राहिल्या?"

"मशीन हलवाची नाही, म्हणाले होते ना तुम्ही." हे मात्र तोंडातून निघालं.

दोन्ही तंबू भिजवून वाळवून दिले. गुरुजींनी ते काट्याला लावले आणि मान डोलावली. दोघांनी रोख पैसे दिले. थोडे कमी पडले, ते माझ्या मजुरीतून घातले.

यातून मी शिकले ते एवढंच. दुकानात ज्या गोष्टीवर हात फिरवून माणूस खूश होतो, तिचं रानात काम पडेलच असं नाही. तंबू घेताना दोनच गोष्टी विचाराव्या, ओढणार कोण आणि खाणार कोण.

सगळे पैसे एकदम दिले त्या दिवशी मशीन न्यायला रिक्षा बाहेर उभी होती. मालकानं दोनदा मोजले. शेवटची दहाची नोट नवी होती, कडक. ती त्यांनी उजेडात धरली आणि चिमटीत चोळून पाहिली.

"मालक," मी म्हटलं, "तिले खळ नाही दिली."

त्यांनी उधारीच्या वहीत माझ्या नावावर आडवी रेघ मारली.