कच्चा दोर

मेडशीच्या आठवडी बाजारात तट्टावर बसून एक ख्रिस्ती प्रचारक येत. माझ्या शिलाईच्या दुकानासमोरच्या लिंबाला तट्टू बांधून ते आदम-हव्वेची गोष्ट सांगत. ‘पापी’ म्हणताना बोट मात्र नेहमी स्वतःच्या छातीवर ठेवत, म्हणून मला ते आवडत.

एकदा भाजीवाली माळीण म्हणाली, "आमच्या मळ्यात पेरू खायले कोनाले मनाई नाई. तुमच्या देवानं एका फळापायी साऱ्या जगाले सजा कायले देल्ली, बाबा?"

"फळाचं सोड, माय. देवानं विचारलं तं आदम म्हने, बाईनं देल्लं. बाई म्हने, सापानं फसवलं. तीच खोड आपल्या साऱ्याइच्या रक्तात उतरली."

तेवढ्यात माळीण ओरडली. सुटलेलं तट्टू तिच्या मेथीच्या जुड्या चघळत होतं. "कोनाचं हाय हे?"

"माहं," ते घाईनं म्हणाले, "पन माहा काय दोष? दोर देनाऱ्यानंच कच्चा देल्ला!"

बोलले आणि थबकले. मग कपाळावर हात मारून खदाखदा हसले. "पाह्यलं ना माय? उतरली का नाई?"

माळीणही तोंडाला पदर लावून हसू लागली.

त्या बाजारात बाप्तिस्मा कोणीच घेतला नाही. पण पुढे कोणी आपली चूक दुसऱ्यावर ढकलू लागला, की लोक एवढंच विचारत, "दोर कच्चा होता काय गा?"