उरलेले अकरा दिवस

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वहिनीला नाही, बायकोलाही नाही. दादा जाऊन आता वर्ष होईल. सांगायचं तर तो असतानाच — पण नाही सांगितलं.

आमचं गाव वडगाव रासाई. मी वरवंडला शाळेत शिकवतो. घरात शिकलेला मी एकटा. कुठलाही कागद आला की आधी माझ्याकडे. मी वाचून सांगेन ते खरं.

दादाच्या उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. रांजणगावहून शिफ्ट संपवून निघालेला एक मोटारसायकलवाला तिच्यावर आदळून दगावला. गुन्हा कबूल कर, दंडावर भागेल, वकील कशाला — हे दादाला कुणी सांगितलं? मीच. शिरूरच्या कोर्टानं सहा महिन्यांची कैद दिली.

तुरुंगात भेटायला गेलो, तेव्हा दादा म्हणाला, "मास्तर, वर अपील करता येतंय का बघ की. आई लई थकलीय."

मी कायद्याचं पुस्तक वाचून गेलो होतो. कबुलीनंतर अपील नाही, म्हणालो.

तो हसला. "पुस्तकात न्हाई म्हंजी न्हाईच. तुझ्यापुढं कोण बोलणार?"

खरं तर कलमाची सुरुवातच तेवढी वाचली होती. पुढच्या आठवड्यात निकालाची नक्कल आणायला शिरूरला गेलो. तिथं एका वकीलबाईंनी ती चाळली. "गुरुजी, गुन्हा नाकारता येणार नाही आता. पण शिक्षा कमी करा म्हणून अपील होतं की! तीस दिवसांत. अजून अकरा आहेत."

मी नक्कल पिशवीत घातली. घरी वहिनीनं विचारलं. अपील होत नाही, म्हणालो — या वेळी माहीत असून. का? आपण दोनदा चुकलो, हे तोंडातून निघेना. एवढंच. ते अकरा दिवस मी शाळेत गेलो, वह्या तपासल्या. बाराव्या दिवशी मला — हेही सांगतो — हलकं वाटलं.

आई चौथ्या महिन्यात गेली. शेवटचे दोन दिवस ती दाराकडे बघत होती. खांदा द्यायला दादा नव्हता. अपिलात शिक्षा कमी झाली असती का? ठाऊक नाही. ते कोर्टानं ठरवायचं होतं. मी कोर्टापर्यंत जाऊच दिलं नाही.

सुटल्यावर दादा वरवंडला आला. "मास्तर, माझ्यापायी लई हेलपाटं घातलंस तू," म्हणाला.

असू दे, म्हणालो मी.