लुडोचा फासा माझ्या खिशात

बायको गेली तशी नातीबरोबर लुडो खेळायचं काम माझ्याकडे आलं. नात पाच वर्षांची. तिचा भाऊ दीड वर्षाचा, दिसेल ते तोंडात घालणारा. लुडो मीच घणसोली स्टेशनबाहेरून आणलेला, स्वस्तातला. आठ दिवसांत पुठ्ठा घडीवर फाटला. बायकोने मागून जुन्या लुगड्याचा तुकडा खळीने चिकटवला, म्हणून टिकला. खेळ संपला की सोळा सोंगट्या न् एक फासा मोजून डबीत टाकायची ती. तिच्यामागे सून मोजायला लागली.

लाल सोंगट्यांना नात कुणाला हात लावू देत नसे. "लाल आजीच्या. आजीचा फासा तुमी टाका, आजोबा."

रोज दुपारी मेलेल्या बायकोच्या नावाने फासा टाकायचा. सहा पडले की पोरगी टाळ्या पिटायची. मला सहन होईना. तिला तसं सांगवेनाही. एके दुपारी तिची पाठ वळली तसा मी फासा बंडीच्या खिशात टाकला. फासा नाही तर खेळ नाही.

सुनेने डबी भरली, एक नग कमी. "बाबा, फासा कुठाय?"

"मला काय माहीत?"

तेवढ्यात नातू खोकला. दोन दिवस सर्दीच होती त्याला, पण सून पांढरी पडली. तिने त्याच्या तोंडात बघितलं, पालथा धरून पाठीत थापट्या मारल्या. पोरगं किंचाळत होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण एकदा खोटं बोललो होतो, आता ही काय म्हणेल, म्हणून गप्प राहिलो. हळूच पलंगाखाली टाकू न् सापडला म्हणू, असं मनात होतं. तोवर ती चपला घालून दारात. "चला बाबा, मला एकटीला नाय जमणार!" नातीलाही घेतलं न् रिक्षात बसलो.

दवाखान्यात एक्स-रे काढताना पोराचे हात मीच दाबून धरले. खिशात फासा. फोटोत काही दिसलं नाही. वाटलं, सुटलो.

डॉक्टर म्हणाला, "प्लास्टिक यात दिसेलच असं नाही. खोकला आहे, रिस्क नको. भूल देऊन नळीने आत बघावं लागेल."

सून माझा हात धरून रडायला लागली. दुसऱ्या हाताने मी फासा काढून टेबलावर ठेवला.

डॉक्टर फाशाकडे बघतो, माझ्याकडे बघतो. नात ओरडली, "आजोबा, तुमी चीटिंग केली!"

सुनेने माझा हात सोडला. घरी आल्यावर लाल सोंगट्यांचं सगळं मी तिला सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं.

"मलापण आईंची आठवण येते, बाबा," ती म्हणाली. "पण एक्स-रेला त्याचे हात तुमीच धरले होते ना?"

मी हो म्हटलं.