कर्नलसाहेबाची खोली

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात बकुळा गायकवाड राहते ती खोली लष्करी बराकीतली. दुसऱ्या महायुद्धात फौजेसाठी या बराकी बांधल्या. लढाई संपली, फौज गेली, बराकी राहिल्या. पुढे बकुळाच्या सासऱ्यांनी, किसनरावांनी, त्यातली ही खोली एका सिंधी कुटुंबाकडून घेतली आणि पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "ही कर्नलसाहेबाची खोली."

पुरावा काय, तर पत्र्याला एक भोक होतं. लढाई जिंकल्याची तार आली तेव्हा साहेबानं खुशीत गोळी झाडली, असं ते सांगत. किसनराव गेले, पण बकुळानं कर्नल जिवंत ठेवला. शाळेत आयाची नोकरी करताना मुख्याध्यापिका ओरडल्या, तरी ती म्हणायची, "आम्ही कर्नलच्या खोलीत राहतो, बाई."

गेल्या वर्षी तिच्या अस्मिताचं लग्न मोरिवलीच्या धम्मदीपशी ठरत आलं. रविवारी मुलाकडचे घर बघायला येणार, म्हणून शुक्रवारी बकुळानं भिंत रंगवायला काढली. रंगाऱ्यानं जुने थर खरवडले आणि आतून काळी इंग्रजी अक्षरं निघाली. बकुळाला त्यातलं एवढंच लागलं: १९४५.

"सन पंचेचाळीस! साहेबाची पाटी!" तिनं शेजारच्या लाजवंती आंटीला बोलावलं. मग थेट मुलाच्या वडिलांना, धोंडिबांना, फोन लावला. "दादा, रविवारी या, पुरावा दाखवते."

संध्याकाळी अस्मिता मेडिकलवरची ड्यूटी संपवून आली. भिंत वाचली आणि खाली बसून पोट धरून हसायला लागली.

"आई, उवा तपासायची खोली आहे ही! लिहिलंय, सगळे कपडे इथे उतरवा."

"सगळे?"

"सगळे."

शनिवारी दोन हात रंग मारला. अक्षरं डांबराची. दुपारपर्यंत ती पुन्हा वर आली. अस्मिता म्हणाली, "बाबासाहेबांची मोठी तसबीर लावू या त्यावर."

"त्या वाक्यावर? जीभ झडो तुझी!"

शेवटी फुलाफुलांची चादर टांगली.

रविवारी पाहुणे आले. जयभीम झाला, चहा झाला. धोंडिबा चादरीकडे बघत म्हणाले, "ताई, तो पुरावा?"

बकुळानं चादरीचं टोक धरलं. बोलावलं आपणच, आता लपवायचं तरी कसं? तिनं डोळे मिटून चादर ओढली. "दादा, कर्नल नव्हता हो. उवा होत्या."

धोंडिबा चष्मा चढवून एकेक अक्षर लावत राहिले. अस्मितानं आईचा हात घट्ट धरला.

"माझा बाप ब्रह्मदेशच्या लढाईत होता," ते म्हणाले. "परत आला तो कल्याणच्या कॅम्पात, म्हणजे इथंच, या बराकींत. सांगायचा, जपान्यांना भ्यालो नाही, पण इथं उघडं करून रांगेत उभं केलं, पांढरी भुकटी मारली, तेव्हा रडलो. घरी जायला मिळणार म्हणून रडलो की लाजेनं, ते त्यालाही कळलं नाही." त्यांनी भिंतीवर हात ठेवला. "हीच खोली असेल का, कुणास ठाऊक."

बकुळानं पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात धोंडिबा वळले.

"हीच असेल तर, विहीणबाई, आमच्या घरचा माणूस तुमच्या घरात आधीच कपड्यांशिवाय येऊन गेलाय. आता सोयरिकीत लाजायचं काय राहिलं?"

सगळे इतके हसले की लाजवंती आंटी धावत आली. तिला सांगितल्यावर तिनं आपल्या घरी जाऊन भिंत खरवडायला घेतली.

लग्न वैशाखात झालं. भिंतीला बकुळानं पुन्हा रंग लावला नाही. पाहुण्यांना आता ती धोंडिबांच्या वडिलांची हकीकत सांगते, आणि त्यात कर्नल बापडा उगाचच रांगेत शेवटी उभा असतो, तोही उघडाच. आंटीच्या भिंतीतून मात्र काहीच निघालं नाही. "इतना खुरचा," ती कुरकुरते, "सिर्फ पडोसी का किचन दिखा."