न मागितलेलं ट्रकभाडं

भिंगवाले उद्या पाण्यात बुडायला लागले, तरी काठावरच्या माणसाला आधी विचारतील, "आपण कामात तर नाही ना?" लोक ह्याला सज्जनपणा म्हणत. त्यांची बायको म्हणे, "हा सज्जनपणा कोणी किलोवर घेतला असता, तर आज बंगला असता."

चष्म्याच्या काचा घासण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण कारखान्यानेच एक दिवस गाशा गुंडाळला आणि दूरच्या शहरात बस्तान हलवलं. नोकरी हवी त्यांनी मागोमाग यावं. भिंगवाल्यांनी राहतं घर पडेल भावात विकलं, ते पैसे बँकेच्या कर्जात गेले. उधार-उसनवार करून ट्रक केला. वाटेत त्यांची हत्यारांची पेटी चेपली, ती वेगळीच.

नव्या शहरात घराची अनामत भरायला दमडी उरली नव्हती. सामान गोदामात, भिंगवाले दोन अनोळखी माणसांच्या खोलीत एका खाटेवर, आणि बायको-मुलगी बायकोच्या भावाकडे, हॉलमधल्या सोफ्यामागे गादी टाकून. भावजयीने आता गोड आवाजात सांगितलं होतं, की महिनाअखेरीला आपले आईवडील राहायला येणार आहेत.

जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी म्हणालं, नोकरीपायी घर हलवलं तर तो खर्च उत्पन्नातून वजा होतो, कापलेला कर परत मिळतो. तेवढ्यावर भिंगवाल्यांनी बायकोला फोनवर शब्द देऊन टाकला: दोन खोल्या घेतो, न्यायला येतो.

करसल्लागार बाई जिन्याखालच्या कोंदट खोलीत बसत. भिंगवाल्यांनी आधी घराचं विचारलं.

"तोट्यात विकलंत? तो तुमचा खासगी तोटा. करखात्याला त्याचं सोयरसुतक नाही."

"आणि हत्यारं?"

"ती कामाची, ती धरू. त्यात फार तर तुमचं बसभाडं सुटेल. खरा आकडा ट्रकचा. मालकाने त्यातलं काही दिलं होतं?"

"एक पैसाही घेतला नाही," भिंगवाले ताठ बसून म्हणाले.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "घेतला नाही, की दिला नाही?"

कारखाना हलवताना साहेबांनी सगळ्यांना जमवून विचारलं होतं, ट्रकभाडं कोणाकोणाला हवंय. सगळ्यांचे हात वर गेले. भिंगवाले तेवढे म्हणाले होते, "राहू द्या साहेब, माझं जमेल." साहेबांनी पाठ थोपटली होती.

"मग नाही धरता येणार," बाई म्हणाल्या. "मालक देत होता, तुम्ही सोडलंत. सोडलेल्या पैशाची भरपाई करखातं करत नाही. नियमच आहे तसा."

"पण गेले तर माझ्याच खिशातून."

"गेले ना. देवाने तोंड दिलं होतं, ते कशाला? जा, कारखान्यात विचारा अजून देतात का. नाहीतर नाद सोडा."

भिंगवाले कारखान्यात गेले. हिशेबनिसाच्या टेबलाशी बराच वेळ घुटमळले. तोच शेवटी म्हणाला, "काय काढलंत?" आणि ऐकून कपाळाला हात लावला.

"अहो, मुदत केव्हाच उलटली. तेव्हा बोलला असतात तर त्याच दिवशी मिळाले असते. साहेब तर नव्या पोरांना अजून तुमचं उदाहरण देतात. माणूस असावा तर भिंगवाल्यांसारखा, म्हणतात."

भिंगवाले हसले. सवयीने.

बाहेर फाटकापाशी ते पायरीवर बसले. आता एकच वाट राहिली होती, आणि तिला ना कर लागत होता, ना नियम. मेव्हण्याला एवढंच म्हणायचं होतं, की ह्या दोघींना अजून काही महिने राहू द्या. त्यांनी वाक्य तोंडात घोळवलं. दोनदा फोन लावला, दोनदा तोडला. मग लागला.

"बोला दाजी. सगळं ठीक?"

"हो, हो. तुम्ही कामात तर नाही ना?"

"नाही हो, बोला."

मागे मुलगी कसलासा पाढा म्हणत होती, हळू, कोणाला त्रास होऊ नये अशी. पोर बापावरच गेली होती.

"सहज केला," भिंगवाले म्हणाले.

"कोण आहे?" भावजयीचा आवाज.

"दाजी. सहज केलाय म्हणतात."

मग बायकोचा आवाज आला, जवळ येत असलेला. "दादा, त्यांना विचार ना, जागेचं काय झालं."

"दाजी, जागेचं काय झालं, विचारतेय ही."

भिंगवाल्यांनी डोळे मिटले.

"जमेल," ते म्हणाले.