दाराबाहेरून म्हटलेली ओळ

बालवाडीच्या ताईंचं शिकवणं म्हणजे सगळं गाण्यात. रंग गाण्यात, आकडे गाण्यात, हात धुणंसुद्धा गाण्यात. पोरं एका सुरात अशी ओरडायची की शेजारच्या गिरणीवाल्याला घरघर ऐकू येईनाशी व्हायची. एकट्या मुलाला उभं करून विचारणं ताईंना मुळीच पटायचं नाही. पोर बावरतं म्हणायच्या.

यंदा मात्र वरून फर्मान निघालं. एकेका मुलाची वेगळी तपासणी होणार, आणि जिथली मुलं मागे पडतील ती बालवाडी बंद करून मुलांना बसनं मोठ्या गावात पाठवणार. तीन-चार वर्षांची पोरं ती, जाऊन-येऊन निम्मा दिवस बसमध्येच जायचा! खासगी शाळेची फी तर विचारायची सोय नव्हती.

सगळ्यांत जास्त घोर लागला दगडखाणीतल्या एका बापाला. बायको वारलेली, वडील अंथरुणाला खिळलेले, आणि चार वर्षांची लेक. तिला सगळे ‘बडबडी’ म्हणत, कारण ती कधी बोलतच नसे. गाण्यात तेवढे ओठ हलायचे. मोठ्या गावची बस यायच्या आधीच त्याला खाणीवर हजर व्हावं लागे; आता तो पोरीला भल्या सकाळी ताईंकडे सोडून जाई. बालवाडी गेली तर पोरीला घरात कोंडून जावं लागेल, असं तो ताईंना सांगून गेला होता.

तपासणीच्या बाई आल्या. आतल्या खोलीत एकेकाला बोलावू लागल्या. काही पोरं बोलली, बरीचशी तोंडात मिठाची गुळणी धरून बाहेर आली. एकट्यानं बोलायचं असतं हे त्यांना शिकवलं होतं कुणी? शेवटी बाईच म्हणाल्या, आणखी एका मुलाला जमलं तर बालवाडी काठावर तरेल. राहिली होती फक्त बडबडी.

ताई दाराच्या फटीला डोळा लावून उभ्या. टेबलावर रंगीत ठोकळे. यातला पिवळा कुठला, बाईंनी विचारलं. बडबडी गप्प. ताईंचा जीव टांगणीला लागला. राहवेना, आणि कसं राहवणार हो? त्यांनी हळूच रंगांच्या गाण्यातली पिवळ्याची ओळ धरली. झालं! अंगणातल्या पोरांनी ती मोठ्यानं उचलली, आणि आत बडबडीनं गात गात पिवळा ठोकळा हातात घेतला.

बाई बाहेर आल्या. चिडल्या नव्हत्या, हेच वाईट. बाहेरून सांगितलेलं उत्तर धरता येत नाही, म्हणाल्या. ताईंनी हातापाया पडून बघितलं, पण दुसऱ्यांदा विचारणं नियमात बसत नव्हतं. निघताना मात्र बाई थांबल्या.

"गाण्याच्या आधीच तिनं हात पुढे केला होता, ताई. तोंडही उघडलं होतं. जरा दम धरायला हवा होता तुम्ही."

ताई तिथंच पायरीवर बसल्या.

संध्याकाळी बाप धुळीनं माखून लेकीला न्यायला आला. बोलली का, त्यानं विचारलं. खोटं सांगून वेळ मारून नेता आली असती.

"बोलणार होती," ताई म्हणाल्या. "मीच बोलू दिलं नाही."

तो रागावला नाही. लेकीला कडेवर घेतलं, तिची चप्पल नीट केली.

"मग आता हिला ठेवू कुठं, ताई?"