राणीच्या बांगड्या

लवळ्याला आमच्या कॉलेजचा हॉल झाडणाऱ्या मावशी झाडू हातात घेण्याआधी काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत सारतात. तालमीत आवाज नको म्हणून. बोलणं मात्र एक घाव दोन तुकडे. स्टेज आहे तिथं त्यांचं भातखाचर होतं, नवऱ्यानं ते विकलं, हे त्यांनी मला फरशी पुसता पुसता एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

यंदा मी मुलांचं नाटक बसवत होतो. त्यात राजा आपलं राज्य शत्रूच्या हवाली करायला निघतो, म्हणून तो झोपलेला असताना राणी त्याच्या उशाशी ठेवलेल्या पेल्यात विष कालवते. आमची राणी विष ओतताना दात विचकून हसायची. मला ते खटकायचं, पण काय चुकतंय ते सांगता येईना.

एक दिवस मावशी सरळ स्टेजवर चढल्या.

"हसतीस काय पोरी? नवरा हाय त्यो तिचा."

त्यांनी बांगड्या वर सारल्या. "वाजल्या तर जागा व्हईल." पेल्यात विष ओतल्यासारखं केलं. मग एकेक बांगडी हळूच मनगटावर उतरवली. "ह्या उद्या फुटणार, तिला ठावं हाय. तरी हात थांबत न्हाई."

प्रयोगात मुलीनं तसंच केलं. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

मागच्या दाराशी मावशी टाळ्या वाजवत नव्हत्या. एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या गच्च धरून त्या मेलेल्या राजाकडे बघत होत्या.